जिना उतरल्यावर : रेल्वे स्थानकांभोवतीच्या सार्वजनिक जागा आणि डेटाचा अभ्यास

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, मुंबईत जोराचा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर माणसे पाऊस ओसरायची वाट बघत थांबली. खाली लोकल येत राहिल्या आणि दर लोकलमागे आणखी माणसे जिना चढत राहिली. त्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला. एल्फिन्स्टन रोडचे नाव पुढे प्रभादेवी झाले.

पूल अरुंद होता हे खरे, आणि प्रवासी ते आधीपासून सांगत होते. पण तो अपुरा का पडला हे समजून घ्यायचे तर नुसत्या रुंदीपाशी थांबून भागत नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. त्या बांधकामांच्या परवानग्या महापालिकेच्या दप्तरात होत्या. किती पास निघतात आणि कोणत्या मिनिटाला कोणती गाडी लागते, हे रेल्वेकडे होते. पाऊस वेधशाळा मोजत होती. आणि जिथे छप्पर संपते त्या पायरीवर पावसात माणसे थबकतात, हे रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. चारही तुकडे शहरातच होते, पण ते एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडणे हे कोणाचेच नेमलेले काम नव्हते. तो तक्ता कसा मांडायचा, आणि मांडल्यावर त्याच्या आधारे स्थानकाबाहेरची जागा कशी सुधारायची, हा या ग्रंथाचा विषय आहे.

विषय नवा वाटेल, पण त्याची जागा तुमच्या रोजच्या पायाखालची आहे. पुलाचा जिना उतरल्यावर रिक्षाची रांग लागेपर्यंत, बसचा थांबा येईपर्यंत किंवा थेट घराचे दार येईपर्यंत जे काही लागते ते सगळे यात येते: पदपथ, चौक, भाजीवाली बसते तो कोपरा, पासाच्या खिडकीबाहेरची गर्दी, मैत्रिणीची वाट बघत उभे राहायची जागा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने करोनापूर्व काळात रोज सुमारे 75 लाख प्रवास होत. त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रवासी गाडीत चढण्याआधी आणि उतरल्यानंतर पादचारी असतो. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 मध्ये पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातही महानगरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या निव्वळ पायी होतात असे दिसले होते. तरीही वाहतुकीचे आपले बहुतेक आकडे चाकांचे असतात. गाड्या किती, डबे किती, वाहने किती हे सांगता येते. अमुक स्थानकाच्या पश्चिमेच्या जिन्यावरून सकाळी पावणेनऊला मिनिटाला किती माणसे उतरतात, हे विचारले की कागद शोधावा लागतो.

याचे मोठे कारण जमिनीच्या मालकीत आहे. रेल्वेच्या भिंतीपर्यंत हद्द रेल्वेची. भिंतीपलीकडचा रस्ता महापालिकेचा, त्यावरचा बसथांबा बेस्टचा, वर स्कायवॉक असेल तर तो एमएमआरडीएने बांधलेला, चौकातली शिस्त वाहतूक पोलिसांची. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत मोजतो. माणूस मात्र या सगळ्या हद्दी पाच मिनिटांत ओलांडून जातो, आणि त्याची अडचण बहुतेक वेळा नेमकी हद्दीवर असते: रेल्वेचा जिना जिथे संपतो आणि पालिकेचा पदपथ अजून सुरू झालेला नसतो तिथे. माझ्या मते या अभ्यासशाखेचे पहिले काम हेच, की मोजमापाचे एकक हद्दीऐवजी माणसाची वाट हे धरायचे. फलाटाच्या कडेपासून दारापर्यंत.

नवी मुंबईचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने रेल्वेमार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला, स्थानके बांधली, आणि स्थानकासमोरची जमीनही सिडकोच्याच हाती होती. वाशीसारख्या स्थानकासमोर बस, रिक्षा आणि चालणारी माणसे यांच्यासाठी आधीपासून जागा राखता आली. जुन्या मुंबईत ती मोकळीक कधीच नव्हती. म्हणूनच तिथे मोजणीची गरज जास्त आहे, कारण तिथे सुधारणा एकेका मीटरने मिळवावी लागते.

या शाखेची वंशावळ फार लांब नाही. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात चौकांकडे तोंड करून कॅमेरे लावले आणि माणसे नेमकी कुठे बसतात, कुठे उभी राहतात, कधी उठतात, हे मिनिटामिनिटाने टिपले. त्यांच्या निरीक्षणांमुळे 1975 मध्ये त्या शहराने खाजगी इमारतींपुढच्या चौकांसाठी बसायच्या जागांचे नियम बदलले. व्हाइट यांचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: दोन ओळखीची माणसे भेटली की बोलण्यासाठी ती बाजूला जात नाहीत, वाहत्या गर्दीच्या मधोमध थांबून बोलतात. आराखडा काढणारा कोणीही हे कल्पनेने लिहिणार नाही. ते पाहावेच लागते. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये यान गेल रस्त्यावर उभे राहून पादचारी मोजत होते, आणि जॉन फ्रुइन यांनी 1971 मध्ये गर्दीच्या घनतेला ए ते एफ अशा पायऱ्या लावून दिल्या. आजही जगभरची स्थानके त्या पायऱ्यांवर तपासली जातात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बिल हिलियर यांनी रस्त्यांच्या जोडणीवरूनच चालणाऱ्यांचा ओघ कसा ठरतो याचे गणित बसवले. ट्रफाल्गर चौकाच्या 2003 मधल्या फेररचनेमागे ते गणित होते. आणि 1999 मध्ये लुका बेर्तोलिनी यांनी स्थानकाकडे एकाच वेळी दोन नजरांनी बघायला शिकवले: ते वाहतुकीच्या जाळ्यातली गाठ असते आणि शहरातले एक ठिकाणही असते. एक बाजू वाढली आणि दुसरी वाढली नाही की ताण येतो. परळ-एल्फिन्स्टनची गोष्ट या प्रारूपात ठेवून बघा. ठिकाण झपाट्याने वाढले होते, गाठ होती तेवढीच राहिली.

आता थोडे आकड्यांकडे, कारण या शाखेतली सगळ्यात महागडी चूक सरासरीमुळे होते. एक काल्पनिक जिना घेऊ. रुंदी 2.5 मीटर. दर मीटर रुंदीतून मिनिटाला 50 माणसे जातात असे धरले तर जिन्याची क्षमता मिनिटाला 125. अप आणि डाऊन गाड्या आठ-आठ मिनिटांनी येतात, एकमेकींपासून चार मिनिटांच्या अंतराने, आणि प्रत्येक गाडीतून 480 माणसे या जिन्याकडे वळतात. तासाची सरासरी काढली तर मिनिटाला 120 माणसे. कागदावर जिना पुरतो. आता एक गाडी चार मिनिटे उशिरा येऊ द्या. दोन्ही गाड्या एकदमच लागतात, 960 माणसे एकदम जिन्यापाशी येतात, आणि शेवटच्या माणसाला बाहेर पडायला पावणेआठ मिनिटे लागतात. तोवर पुढची गाडी आलीच. वर पाऊस आला, खालच्या पायरीवर माणसे थांबली आणि वापरात असलेली रुंदी दीड मीटर उरली, तर क्षमता 75 वर येते. 960 माणसांना जवळजवळ तेरा मिनिटे लागतात आणि पुढच्या गाड्या चौथ्या आणि आठव्या मिनिटाला येतात. रांग मग संपतच नाही. प्रवासी तितकेच, गाड्या तितक्याच, जिनाही तोच. सरासरीत यातले काहीही दिसत नाही. म्हणून या ग्रंथातली सर्व मोजणी मिनिटाच्या पट्टीवर केली आहे, आणि गाडी लागल्याची वेळ प्रत्येक तक्त्यात वेगळ्या रकान्यात आहे.

हे आकडे मिळवायचे कुठून? मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवर आत-बाहेर जाताना अडवणारे दरवाजे नाहीत. पास तीन महिन्यांचा असू शकतो, आणि तो कोणत्या दोन स्थानकांमधला आहे एवढेच सांगतो. पासधारक सकाळी आठला निघतो की दहाला, पूर्वेला उतरतो की पश्चिमेला, हे त्यात नसते. जून 2014 मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोत मात्र प्रत्येक प्रवेश आणि प्रत्येक निर्गम दारावर नोंदला जातो. अंधेरीला आणि घाटकोपरला या दोन व्यवस्था एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एकीकडे मिनिटामिनिटाची नोंद आहे, दुसरीकडे त्याहून कितीतरी मोठी गर्दी जवळजवळ न मोजलेली आहे. मेट्रोच्या नोंदींवरून लोकलच्या ओघाचा अंदाज बांधणे हा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रश्न आहे.

लंडनने दरवाजे असूनही पुढचे पाऊल टाकले. तिथल्या कार्डावरून माणूस कुठे आत गेला आणि कुठे बाहेर पडला हे कळे, पण मधली वाट कळत नसे. 2016 च्या अखेरीस चार आठवडे 54 स्थानकांत प्रवाशांच्या फोनचे वाय-फाय संकेत नोंदले गेले. 56 लाख फोनांच्या नोंदींतून दिसले की किंग्ज क्रॉस ते वॉटरलू एवढ्याच प्रवासासाठी माणसे 18 वेगवेगळ्या वाटा धरतात. नकाशात दाखवायची सोयीची वाट एक, आणि माणसांनी शोधलेल्या अठरा.

आपल्याकडच्या नोंदी कमी मोलाच्या आहेत असे नाही. 2011 च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांना, शेती आणि घरगुती उद्योग सोडून, प्रवासाचे साधन आणि अंतर विचारले होते. ती माहिती जुनी झाली तरी स्थानकांभोवतीच्या वस्त्यांची पहिली रेघ ओढायला आजही कामाची आहे. लोहमार्ग पोलिसांच्या नोंदी त्याहून जड आहेत. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात, आणि त्यातला मोठा वाटा रूळ ओलांडताना गेलेल्यांचा असतो. रेल्वेमार्गावरची जागा किलोमीटर आणि खांबाच्या क्रमांकाने सांगता येते. त्या जागा नकाशावर उतरवल्या, दोन्ही बाजूंची घरे, शाळा, बाजार आणि जवळचा पूल दाखवला, की वाट कुठे नाही ते दिसू लागते. ज्या ठिकाणी रूळ ओलांडल्याने पंधरा मिनिटांची चाल वाचते तिथे माणूस रूळ ओलांडणारच. फलक लावून आणि दंड करून ही पंधरा मिनिटे कमी होत नाहीत. या ग्रंथातले एक संपूर्ण प्रकरण मी या प्रश्नाला दिले आहे, आणि वाचकाने ते घाईत वाचू नये अशी विनंती आहे. तिथला प्रत्येक बिंदू एक घर आहे.

अंतराचा हा मुद्दा दुसऱ्याही ठिकाणी येतो. नकाशावर स्थानकाभोवती कंपासने वर्तुळ काढायची सवय आपल्याला फार आहे. रुळांच्या पलीकडे, सरळ रेषेत शंभर मीटरवर असलेले घर पायी सातशे मीटर दूर असू शकते. वर्तुळ त्याला जवळचे म्हणते, गुडघे दुखणाऱ्या आजी म्हणत नाहीत. नोव्हेंबर 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, तेव्हा अभ्यासकापुढे लगेच प्रश्न आले: हे 150 मीटर कोठून मोजायचे, भिंतीपासून की जिन्याच्या पायथ्यापासून, आणि सरळ रेषेत की पायवाटेने? उत्तर बदलले की शेकडो कुटुंबांचे पोट रेषेच्या आत किंवा बाहेर जाते.

फेरीवाल्यांविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. 2014 च्या कायद्याने दर पाच वर्षांनी त्यांचे सर्वेक्षण सांगितले आहे आणि प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत त्यांना सामावून घ्यायची मर्यादा घालून दिली आहे. जिन्याच्या तोंडाशी हातगाडी लावली तर वाट अडते, आणि अरुंद वाटेचे काय होते ते आपण वर पाहिले. पण रात्री साडेनऊनंतर त्याच गाडीचा दिवा आणि ती लावणाऱ्याची नजर यांच्यामुळे एकटीने उतरणाऱ्या मुलीला तो रस्ता चालण्याजोगा वाटतो. म्हणून प्रश्न 'हवेत की नकोत' असा विचारू नये. कोणत्या तासाला, कोणत्या बाजूला, गिऱ्हाईक उभे राहिल्यावर किती रुंदी उरते, हे मोजावे. इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. टेप घेऊन गेलात तर संध्याकाळी सातला ती किती उरते ते दहा मिनिटांत कळेल. दादर पश्चिमेच्या फूलबाजाराच्या आसपासची जागा पहाटे एक असते आणि दुपारी दुसरीच. तिचे नियम एकाच वेळापत्रकाने कसे ठरतील?

थांबणाऱ्यांची मोजणी हा या शाखेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जाणारी माणसे मोजणे यंत्राला सोपे जाते. थांबलेली माणसे त्याला अडथळा वाटतात. पण सार्वजनिक जागा चांगली आहे की नाही हे थांबणाऱ्यांवरूनच कळते. एखाद्या चौकात स्त्रियांचे प्रमाण किती, हा व्हाइट यांना त्या चौकाच्या गुणवत्तेचा विश्वासाचा निर्देशक वाटे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये मुंबईविषयी लिहिलेल्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हाच प्रश्न मुळापासून विचारला: काही काम नसताना नुसते उभे राहण्याचा हक्क या शहरात स्त्रीला आहे का? दिल्लीत 2013 मध्ये सुरू झालेल्या 'सेफ्टीपिन' या उपक्रमाने उजेड, मोकळेपणा, आजूबाजूचे लोक अशा निकषांवर रस्त्यांची पाहणी करून भीतीला नकाशावर आणले. स्थानकाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला रात्री दहा वाजता उभ्या असलेल्या स्त्रियांची संख्या वेगवेगळी येते तेव्हा त्या फरकामागे दिवा, दुकान, रिक्षा यांतले काय आहे, हे विश्लेषणाने वेगळे काढता येते. जी स्त्री त्या स्थानकावर उतरणेच टाळते, किंवा जो माणूस चाकाच्या खुर्चीमुळे जिन्यापर्यंत येतच नाही, ती दोघे मात्र कोणत्याही कॅमेऱ्यात सापडत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागते. डेटाच्या ग्रंथात मुलाखतींचे प्रकरण का, असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे.

मोजताना माणसाची राखण करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायद्यापलीकडेही एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. नाव काढून टाकले म्हणजे ओळख पुसली जातेच असे नाही. लहान स्थानकावर रात्री पावणेबाराच्या लोकलने रोज एकच परिचारिका उतरत असेल, तर त्या वेळेच्या चौकटीतला 'एक' हा आकडा म्हणजे तीच. अशा चौकटी एकत्र कराव्यात किंवा छापू नयेत. बेरजेने काम भागत असेल तिथे एकेकाची वाट जमवूही नये.

हे सगळे करून जागा खरोखर बदलतात का? कोपनहेगनचे नोरेपोर्ट स्थानक 2015 मध्ये नव्याने खुले झाले. तिथे लोक कुठून कुठे चालतात याच्या नोंदी आधी घेतल्या गेल्या. वाटा मोकळ्या ठेवून उरलेल्या जागांत छपरे आणि सायकलतळ बसवले. आपल्याकडे ठाणे पश्चिमेला स्थानक परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा (सॅटिस) उन्नत मार्ग झाला, बस वर गेल्या, रिक्षा खाली राहिल्या, आणि एकाच रस्त्यावर चाललेली ओढाताण दोन पातळ्यांवर वाटली गेली. 2008 मध्ये वांद्रे पूर्वेपासून स्कायवॉक सुरू झाले. त्यातले काही गजबजले, काही ओस पडले. त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण चढायच्या पायऱ्या, वाचणारा वेळ आणि वाटेत उतरायची सोय या तीन गोष्टींनी हा फरक बराचसा समजतो असे मला वाटते. पण ते पक्के म्हणायला बांधण्यापूर्वीची आणि नंतरची, वरची आणि खालची मोजणी लागते. अमृत भारत योजनेत 2023 पासून देशभरात हजाराहून अधिक स्थानकांचा विकास हाती घेतला गेला आहे. त्यांपैकी प्रत्येकाच्या दाराबाहेर, काम सुरू होण्याआधी, निदान एका आठवड्याची पायी मोजणी व्हावी असे मला मनापासून वाटते. फावडे लागल्यावर 'आधीचे' चित्र परत मिळत नाही.

हा ग्रंथ संख्याशास्त्राच्या आणि वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच प्रभागातल्या अभियंत्यासाठी आणि प्रवासी संघटनेच्या कार्यकर्त्यासाठीही आहे. गणित जिथे लागते तिथे ते पायरीपायरीने दिले आहे. बारावीपर्यंतची तयारी पुरते. संगणकाची भीती बाळगू नका. पहिली चार प्रकरणे कागद-पेन्सिलीवर आहेत.

पहिल्या प्रकरणाआधी एवढे करून या. आपल्या स्थानकाचा एक जिना निवडा. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एका दिवशी, सकाळच्या गर्दीचा एक तास, दर मिनिटाला उतरणारी माणसे रेघांनी मोजा आणि गाडी लागली की त्या मिनिटापुढे खूण करा. दुसऱ्या कागदावर जिन्याच्या पायथ्याशी पन्नास पावलांच्या आत थांबलेली माणसे, दर दहा मिनिटांनी एकदा: किती, स्त्री की पुरुष, मूल की वृद्ध, उभी की बसलेली, काय करत आहेत. कोणाचे छायाचित्र घेऊ नका, नाव विचारू नका. दोघे असाल तर दोन कागद वाटून घ्या. कागदाच्या डोक्यावर तारीख, वेळ, जिन्याची मोजलेली रुंदी आणि तुम्ही नेमके कुठे उभे होता ते लिहा. तिसऱ्या प्रकरणातले पहिले उदाहरण याच नोंदींवर सोडवायचे आहे.